दहावीच्या गेट-टुगेदरला चमचमता लिप ग्लॉस लावू का?

«ताई, मी एसटीत कंडक्टर आहे, सोलापूर जिल्ह्यात. वय 41. आमच्या 2000 सालच्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर मे महिन्यात शाळेच्या पटांगणात ठेवलंय. डेपोसमोरच्या मेडिकलमध्ये डोकेदुखीची गोळी घ्यायला गेले, तर काउंटरवर लिप ग्लॉसच्या नळ्या मांडलेल्या. फिकट गुलाबी, आत चांदीची चमचम, 149 रुपये. घेतली. दहावीत पुण्याहून आलेल्या एका मुलीकडे अशीच नळी होती. ती ठरावीक मैत्रिणींनाच लावू द्यायची. मला कधी दिली नाही. हे मी आजवर कुणाला बोलले नाही. घरी आरशासमोर लावून बघितला. आधी थंडगार लागलं, मग चुणचुणायला लागलं. माझे ओठ सावळे, त्यावर राख फासल्यासारखं दिसलं. मुलगी नववीत आहे. ती म्हणाली, “आई, हे आमच्या वयाचं असतं, तुला नाही शोभत.” मी टॉवेलनं खसाखसा पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी ओठांची सालपटं निघाली, ड्युटीवर शिट्टी तोंडात धरवेना. आता नळी तिकीट मशीनच्या बॅगेत पडून आहे. स्वस्तातला म्हणून त्रास झाला का? फेकून देऊ की लावू? आणि खरंच सांगा, या वयात शोभतो का?» — एक कंडक्टर

ताई,

लावा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं निवांत वाचाल. मे महिन्याला अजून अवकाश आहे. तेवढ्यात तुमचे ओठ बरे होतील आणि हीच नळी चालेल की दुसरी घ्यावी लागेल, तेही कळेल.

मी पंचवीस वर्षं नवरी सजवण्याचं काम केलं आहे. ग्लॉस मला नवा नाही. तरी मेडिकलच्या काउंटरवरची चमचमती नळी मी स्वतःच्या ओठांना बऱ्याच वर्षांत लावली नव्हती. म्हणून तुमचं पत्र आल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून जवळजवळ तशीच एक आणली आणि आठवडाभर वापरली.

नळी आडवी करून ट्यूबलाइटखाली धरली. आतला हवेचा बुडबुडा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला बराच वेळ घेत होता, काकवीत अडकल्यासारखा. म्हणजे द्रव घट्ट आहे. ओठांवर टिकेल, पण केसही चिकटतील. मग मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब टेकवून बोटानं चोळला, तेव्हा दिसलं की चमक दोन प्रकारची आहे. एक पिठासारखी बारीक. ती बोटाखाली जाणवत नाही, कातडीवर नुसती रेशमी झाक येते. दुसरी टिकल्यांची. एकेक टिकली वेगळी दिसते, बोट फिरवलं की कचकच लागते.

तुमच्या “शोभतो का” या प्रश्नाचं माझं उत्तर या दोन चमकींत आहे. बारीक चमक म्हणजे अभ्रकाचे, म्हणजे मायकाचे कण. त्यांच्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो आणि तो किती जाड आहे त्यावर चंदेरी, सोनेरी किंवा तांबूस रंग ठरतो. कण दहा-पंधरा मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असले तर मोत्यासारखी सलग झाक येते. शंभर मायक्रॉनच्या पुढे गेले की एकेक ठिणगी वेगळी दिसते. मोठ्या टिकल्या तर बहुतेकदा प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याच्या असतात. चाळिशीनंतर ओठांवर उभ्या बारीक रेषा यायला लागतात. मोठी टिकली नेमकी त्या रेषांच्या कडेला जाऊन बसते आणि ओठ सुकल्यासारखा दिसतो. बारीक चमक उलट त्या रेषा पुसट करते, कारण उजेड सगळीकडे पसरतो. मी साठीच्या विहिणींना बारीक सोनेरी झाक लावली आहे आणि त्या सुरेख दिसल्या आहेत. वीस वर्षांच्या मुलींना मोठ्या टिकल्या लावून त्यांचा चेहरा मीच बिघडवलाही आहे. शोभतं ते कणाच्या आकारावर, ओठावर कुठे लावलं त्यावर आणि खाली रंग कुठला आहे त्यावर. जन्मतारखेचा त्यात काडीचा संबंध नाही.

लेकीवर रागावू नका. तिच्या आजूबाजूला ही वस्तू मुलींचीच म्हणून विकली जाते, तिला तसं वाटणारच. पण गोष्ट मुळात मोठ्या बायकांची. 1930 च्या दशकात हॉलिवूडमध्ये मॅक्स फॅक्टर यांनी ओठांना तकाकी देणारा ग्लॉस काढला तो पडद्यावरच्या नट्यांसाठी. चित्रपट काळे-पांढरे, ओठांचा रंग दिसायचा नाही, मग निदान चमक तरी दिसावी. अमेरिकेतल्या औषधाच्या दुकानांतून शाळकरी मुलींच्या हातात फळांच्या वासाच्या ओठांच्या कांड्या आल्या त्या 1970 च्या दशकात, म्हणजे चाळीसएक वर्षांनी. हे लेकीला सांगा, पण वाद घालायला नको. गेट-टुगेदरच्या सकाळी तिच्याच हातात लिप लायनर, म्हणजे ओठांची कड आखायची पेन्सिल, द्या आणि कड काढून दे म्हणा. नववीतल्या मुलींचा हात या बाबतीत फार स्थिर असतो, आणि आईचा चेहरा इतक्या जवळून बघायची वेळ तिच्यावरही बऱ्याच दिवसांत आली नसेल.

आता सालपटांकडे येते, कारण मला खरी काळजी तिथली वाटली.

थंडगार लागलं आणि मग चुणचुण सुटली, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या नळीचं खोकं असेल तर घटकांची यादी बघा. माझ्या खोक्यावर मेंथॉल होतं. वेदनेच्या बाममध्ये असतं तेच. मेंथॉलमुळे कातडीचं तापमान कमी होत नाही, थंडी ओळखणाऱ्या नसा मात्र जाग्या होतात. काही ग्लॉसमध्ये दालचिनीचं तेल किंवा मिरचीचा अर्कही घालतात, ओठ किंचित सुजून भरदार दिसावेत म्हणून. ओठांवरची कातडी गालाच्या मानानं फार पातळ. तिथे घाम नाही, तेलाच्या ग्रंथी जवळजवळ नाहीत, म्हणजे स्वतःचं संरक्षण थोडं. त्यातून तुमचे ओठ दिवसभर खिडकीचं ऊन, रस्त्याची धूळ आणि शिट्टीचं घासणं सोसून आधीच कोरडे. अशा ओठांना मेंथॉल झोंबलं यात नवल नाही.

आणि मग तुम्ही टॉवेलनं खसाखसा पुसलं. ताई, निम्मा दोष त्या टॉवेलचा आहे. टॉवेल आणि ओठ यांच्यामध्ये त्या टिकल्या होत्या. भांडं घासावं तसे ओठ घासले गेले. पुढच्या वेळी मऊ सुती कापडाच्या तुकड्यावर खोबरेल तेलाचे तीन-चार थेंब घ्या, ओठांवर वीस मोजेपर्यंत नुसतं दाबून धरा आणि मग कडेकडून मध्याकडे एकदाच ओढा. ग्लॉसमधलं पॉलिब्यूटीन, मिनरल ऑइल, एरंडेल हे सगळं तेलकटच. तेलात ते सुटतं, पाण्यानं चोळत बसलं तर नाही. कापड नंतर बेसिनमध्ये धुऊ नका, कचऱ्यात टाका. प्लास्टिकच्या टिकल्या नाल्यातून पुढे जातात आणि कुजत नाहीत. युरोपीय संघानं 2023 मध्ये सुट्या प्लास्टिक चमकीची विक्री याच कारणानं थांबवली. ओठांच्या वस्तूंना त्यांनी 2035 पर्यंत मुदत दिली आहे.

तर आत्ता दोन आठवडे ओठांना काहीही रंगीत लावू नका. रात्री साधं पांढरं पेट्रोलियम जेली किंवा घरचं साजूक तूप, मटारच्या दाण्याएवढं. सालपट दातानं ओढू नका, साखर चोळून काढू नका, आपोआप पडू द्या. ओठ कोरडे पडले की जीभ फिरवायची सवय असेल तर तिच्यावर लक्ष ठेवा, थुंकी उडून जाताना ओठातला ओलावाही घेऊन जाते. अजून एक विचारते, कारण मी एसटीनं खूप फिरले आहे. नोटा मोजताना तुम्ही बोट ओठाला लावता का? आता बरेच जण मोबाईलवरून पैसे देतात, पण सुट्या दहा-वीसच्या नोटा तुमच्या हातून दिवसभर जातच असणार. नोटेची घाण त्या वाटेनं ओठांवर येते, आणि साल गेलेल्या ओठाला ती लगेच लागते. स्टेशनरीच्या दुकानात नोटा मोजायला ओल्या स्पंजची डबी मिळते, ती बॅगेत ठेवा.

ओठ बरे झाले की नळीची परीक्षा घ्या. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर सकाळी एकदा आणि रात्री एकदा ग्लॉस लावा, ओळीनं सात दिवस. धुऊ नका, चोळू नका. लाली, खाज किंवा बारीक पुरळ आलं तर नळी त्याच दिवशी टाकून द्या, 149 रुपयांचा विचार करू नका. काही आलं नाही, तर एका संध्याकाळी ओठांवर अगदी थोडा लावून बघा. चुणचुण पुन्हा झाली तर ही नळी तुमच्यासाठी नाही, मेंथॉल नसलेली दुसरी घ्या. आणि दोन आठवडे काहीही न लावता ओठ सोलतच राहिले, किंवा ओठांच्या कडेची कातडी काळवंडायला लागली, तर सोलापूरच्या सिव्हिलमध्ये त्वचारोग विभागात दाखवा. ओठांच्या वस्तूंची ॲलर्जी लक्षात न आल्यानं वर्षानुवर्षं काळे होत गेलेले ओठ मी पाहिले आहेत. त्या बायका तो काळेपणा झाकायला तीच लिपस्टिक रोज जाड लावत होत्या.

“स्वस्तातला म्हणून त्रास झाला का?” याचं सरळ उत्तर, नाही. नऊशे रुपयांच्या नळीतही तेच मेंथॉल आणि तोच सुगंध असू शकतो. किंमत बघण्यापेक्षा लेबल बघा. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांच्या लेबलवर बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, बॅच नंबर, उत्पादन परवान्याचा नंबर, वापरायची मुदत आणि घटकांची यादी असावी लागते. बाहेर देशातून आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक. वापरायच्या रंगांत शिसं दहा लाख भागांत 20 भागांपेक्षा जास्त असायला परवानगी नाही, पण प्रत्यक्षात हे बंधन परवाना घेऊन बनवणाऱ्यावर चालतं. आठवडी बाजारातल्या खोक्यावर यातलं काहीच छापलेलं नसेल, तर तो ग्लॉस दहा रुपयांना मिळाला तरी घेऊ नका. ग्लॉस दिवसभरात थोडा थोडा पोटात जातोच, ही गोष्ट विसरू नका.

याच कारणानं आणखी एक सांगून ठेवते. शाळेच्या गॅदरिंगला आपण लहान असताना बाई व्हॅसलीनवर चमकी चिकटवायच्या, आठवतं? रांगोळीत घालायची, स्टेशनरीत पुडीत मिळायची ती. मुलगी कधी तसं करायला गेली तर हातातून काढून घ्या. ती चमकी कागदासाठी असते. तिच्या टिकल्यांना धारदार कोपरे असतात, ओठ कापतात, डोळ्यात गेली तर बुबुळाला ओरखडा येतो.

खोक्यावर “सीआय 77019” दिसलं तर तो अभ्रक, “सीआय 77891” म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. “सीआय 75470” म्हणजे कार्माइन, निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांपासून काढलेला लाल रंग. घरात कुणी माळकरी असेल आणि तुम्हाला त्याचं वावडं असेल, तर हा आकडा लक्षात ठेवा. अभ्रकाबद्दल मला स्वतःला एक गोष्ट टोचते. आपल्या देशातला बराचसा अभ्रक झारखंडच्या कोडरमा आणि गिरिडीह भागातून येतो. तिथे बंद पडलेल्या खाणींतून कुटुंबंच्या कुटुंबं उरलासुरला अभ्रक, त्याला ते ढिबरा म्हणतात, वेचून विकतात, आणि त्यात लहान मुलं असतात. नळीवर “सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट” लिहिलेलं असेल तर तो कारखान्यात तयार केलेला अभ्रक. दोन नळ्या समोर असतील तर मी आता ती उचलते.

रंगाचं बघू. राख फासल्यासारखं दिसलं, हे तुमचं वाक्य मला फार लागलं, कारण दोष तुमच्या ओठांचा नाही. चंदेरी चमक पांढरा-निळसर उजेड परत फेकते. गोऱ्या ओठांवर ती खपून जाते, सावळ्या ओठांवर पांढुरका पडदा धरते. आपल्या रंगाच्या बायकांना सोनेरी, तांब्याची किंवा मरून झाक उठून दिसते. पण तुमच्याकडे आता हीच नळी आहे आणि परीक्षेत पास झाली तर ती वाया घालवायचं कारण नाही. खाली विटकरी किंवा तपकिरीकडे झुकणारी मॅट, म्हणजे न चमकणारी, लिपस्टिक लावा. ग्लॉस वर, आणि फक्त मधोमध. मी माझ्या फिकट गुलाबी नळीवर हेच करून बघितलं. नुसती लावली तेव्हा मलाही आजारी असल्यासारखं दिसत होतं. खाली विटकरी रंग आल्यावर तीच चांदी गुलाबी-सोनेरी दिसायला लागली.

आठवड्यातला एक दिवस मी नेमका लिहून ठेवला, तो तुमच्या कामाचा आहे. सकाळी पावणेआठला नुसता ग्लॉस लावला, खाली काही नाही. चहा स्टीलच्या कपातून प्यायले, तर कपाच्या काठाला गुलाबी तेलकट चंद्रकोर आणि तिच्यात सहा टिकल्या. साडेनऊला तकाकी संपली होती, टिकल्या मात्र ओठांच्या कडेला गोळा झाल्या होत्या. दुपारी आरशात बघितलं तेव्हा एक हनुवटीवर, एक गालावर. तेल आधी निघून जातं, टिकल्या मागे राहतात आणि फिरत राहतात. दुसऱ्या दिवशी खाली लायनर आणि मॅट लिपस्टिक लावून वर ग्लॉस लावला, तेव्हा एकही टिकली ओठ सोडून बाहेर गेली नाही.

हे असं का होतं ते मला माझ्या आजीनं शिकवलं, ग्लॉस तिनं जन्मात पाहिला नव्हता तरी. ती कोरडं कुंकू लावायची. करंड्यातल्या डबीतून करंगळीवर मेण घेऊन कपाळावर आधी नीट गोल टेकवायची आणि मग त्यावर चिमटीनं कुंकू. मेण जिथवर, कुंकू तिथवर. उन्हात, चुलीपुढे, घामातही तिचं कुंकू नाकावर ओघळलं नाही. लायनर म्हणजे तेच मेण. ओठांच्या कडेनं मेणाचा बांध घातला की वरचं तेल आणि चमक त्याच्या आत राहते.

तर गेट-टुगेदरच्या दिवशी असं करा. आंघोळीनंतर ओठांना थोडं पेट्रोलियम जेली लावा आणि साडी नेसून होईपर्यंत मुरू द्या. मग टिपून घ्या, ओठ तेलकट राहिले तर लायनर घसरतो. लायनर तुमच्या ओठांच्या रंगापेक्षा एकच छटा गडद. आधी वरच्या ओठाच्या खाचेपासून, मग दोन्ही कोपरे, मग खालच्या ओठाचा मध्य, आणि हे ठिपके शेवटी जोडायचे. कडेवरच थांबू नका, आतही हलकं भरून घ्या. त्यावर मॅट लिपस्टिक, आणि टिश्यू किंवा कागदी रुमाल ओठांत धरून एकदा टिपा. ग्लॉसची कांडी नळीच्या तोंडाशी पुसून जास्तीचा काढून टाका. उरलेला एक ठिपका खालच्या ओठाच्या मध्यावर, दाण्याएवढा. ओठ मिटून एकदा दाबा, वरच्या ओठाला लागेल तेवढं पुरे. कोपऱ्यांना लावायचं नाही.

खालच्या ओठाचा मध्य का? मे महिना, मोकळं पटांगण, ऊन डोक्यावर. वरून येणारा उजेड खालच्या ओठावरच पडतो, ग्रुप फोटोत तुम्हाला हवी ती चमक तिथूनच दिसेल. सगळ्या ओठांवर चंदेरी टिकल्या असतील तर मोबाईलच्या फ्लॅशमध्ये पांढरे डाग उमटतात.

सोलापूरच्या त्या उन्हात, 42 अंशांत, ग्लॉस पातळ होतो, हेही गृहीत धरा. म्हणून खालची लिपस्टिक मॅटच हवी. वारा सुटला की मोकळे केस ओठांना चिकटणार आणि त्यांच्याबरोबर पटांगणातली धूळ. केस बांधा, गजरा माळा. ग्लॉस उन्हापासून ओठ वाचवत नाही. त्या दिवशी सावलीत बसायला जागा शोधा, आणि रोजच्या ड्युटीला एसपीएफ 30 लिहिलेला बिनवासाचा, बिनचमकीचा बाम वापरा. ड्युटीवर चमचमता ग्लॉस नको. कारण शोभण्याचं नाही. शिट्टीच्या टोकाला तो लागेल, शिट्टीवर धूळ बसेल आणि तीच पुन्हा ओठावर येईल. शिट्टी रोज घरी आल्यावर साबणानं धुवा.

नळी तिकीट मशीनच्या बॅगेतून आजच काढा. उन्हात तापलेल्या गाडीत ती दिवसेंदिवस राहिली की तेल वर आणि चमक तळाला बसते. हलवूनही एकजीव झाली नाही, किंवा जुन्या शेंगतेलासारखा खवट वास आला, तर परीक्षेच्या भानगडीत न पडता टाकून द्या. खोक्यावर उघड्या डबीचं छोटं चित्र आणि त्यात “12एम” असेल, तर उघडल्यापासून बारा महिने. तारीख झाकणावर पेनानं लिहून ठेवा.

जेवणाआधी ग्लॉस पुसा. शेंगाचटणी, भरलं वांगं, कडक भाकरी असणारच. चटणीतलं तेल ग्लॉसला विरघळवून टाकतं आणि टिकल्या घासाबरोबर पोटात जातात. कागदी रुमाल दाबून वरचा थर टिपा, निवांत जेवा, पाण्यानं ओठ धुवा आणि मग परत एक ठिपका. लिपस्टिक बहुतेक टिकलेली असेल.

शेवटी त्या पुण्याच्या मुलीचं. तुम्ही हे पंचवीस वर्षं कुणाला बोलला नाहीत आणि मला लिहिलंत, त्याबद्दल माझ्या मनात फार माया दाटून आली. नळी घेतलीत ते बरोबर केलंत. डोकेदुखीची गोळी घ्यायला गेलेल्या बाईनं स्वतःसाठी काहीतरी चमचमतं उचललं, याबद्दल कुणालाही कारण द्यायची गरज नाही, लेकीला नाही आणि मलाही नाही.

मात्र त्या दिवशी तुमची नळी बघून कुणीतरी म्हणणारच, “बघू गं, कुठला आहे?” कांडी कुणाच्या ओठाला लागू देऊ नका. माझ्या कामाच्या पहिल्या वर्षांत माझ्याकडे एकच ग्लॉस होता आणि मी तीच कांडी करवलीला लावून पुढे नवरीला लावायचे. एकदा लग्नानंतर चार-पाच दिवसांनी नवरीचा फोन आला, ओठाच्या कडेला पाण्यानं भरलेल्या फोडांचा घोस उठला होता, हर्पिस नावाच्या विषाणूचा. करवलीच्या ओठावर तसाच एक फोड वाळत आलेला होता, तो मी लिपस्टिकखाली झाकला होता. हर्पिस एकदा अंगात शिरला की आयुष्यभर राहतो, तापात, उन्हात परत परत उठतो. तिच्या प्रत्येक फोडात माझा वाटा आहे, हे मला आजही बोचतं. त्या दिवसापासून मी नळी कुणाच्या ओठापर्यंत नेत नाही.

मेडिकलमधून कापूस लावलेल्या इअरबडचं पाकीट घेऊन जा. कांडीवरचा ग्लॉस तुमच्या तळहाताच्या मागच्या बाजूला उतरवा, मोठा थेंब घ्या. जिला हवा तिनं आपापल्या इअरबडनं तिथून उचलावा, पुन्हा हवा असेल तर नवा इअरबड. मेंथॉल असेल तर आधी सांगा की थोडा झोंबतो. मागेल तिला द्या. पुण्याहून आलेली ती आली असेल आणि तिनं हात पुढे केला, तर तिलाही.